स्टेपनीखालचं पाणी

रविवार, रात्रीचे साडेअकरा. हात तीनदा धुतले तरी नखांतलं काळं जात नाहीये, पण आजचं आजच लिहितो, नाहीतर उद्या ऑफिसात गेलं की सगळं डोक्यातून जाईल.

तर पाणी सापडलं. म्हणजे माझ्या जुन्या गाडीत ते कुठून येतंय ते एकदाचं सापडलं.

मधे दीड महिना इथे काहीच लिहिलं नाही म्हणून थोडं मागचं. मामांच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी असलेली ही स्टेशन वॅगन मी मागून आणली तेव्हा मला गाडीतलं येत काय होतं, तर चाक बदलणं आणि वायपरच्या टाकीत पाणी भरणं. भीती सगळी इंजिनाची होती आणि इंजिनानेच सगळ्यात कमी त्रास दिला. चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं, दोन दिवस तसंच ठेवलं आणि मग क्रँकच्या पुलीला गोटी पाना लावून हातानेच हळूहळू फिरवलं, कारण पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असताना डायरेक्ट स्टार्टर मारला तर तुटायची भीती असते. फिरलं! टाकीतल्या पेट्रोलला वार्निशचा वास येत होता, कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, त्याच चिकट घाणीने बुजलेले, ते साफ केले. बाकी जे वेळखाऊ होतं ते माझंच पाप, पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात प्लगच्या वायरी खुणा न करता उपटल्या होत्या, त्या 1-3-4-2 या ठिणगी पडायच्या क्रमाने जागच्या जागी लावण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून काहीही खोलायच्या आधी फोटो, आणि बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, वर चिठ्ठी. तरी मोटरगाडीचा देव जाणे, एका पिशवीत एक बोल्ट जास्तच निघतो.

इंजिन चालू झालं आणि मी हवेत गेलो. वाटलं आता काय, थोडा पत्रा घासायचा, रंग मारायचा, झालं.

मागचं कार्पेट उचललं तर स्टेपनीच्या खड्ड्यात बोटभर पाणी. तळाला गंज इतका की स्क्रू ड्रायव्हरने टोचलं तर आरपार गेला. मला तर वाटतं वॅगनचं सगळं आयुष्य मागच्या बाजूलाच संपतं. छप्पर पार शेवटपर्यंत, एवढ्या मोठ्या काचा, वर उघडणारं दार आणि त्याच्याभोवती फिरलेलं रबर, शिवाय मागच्या वायपरचं भोक, दिव्यांची भोकं, म्हणजे पाण्याला आत यायला जागाच जागा आणि आलेलं सगळं येऊन साचणार स्टेपनीखाली, कारण सगळ्यात खोल जागा तीच. खड्ड्याला तळाशी पाणी जायला भोक असतं खरं, त्याला रबरी बूच असतं, ते माझ्या गाडीत रंगाखाली गाडलं गेलेलं. आणि त्या दाराचे गॅसचे दांडे! अकरा वर्षांत त्यातला दाब कधीच गेलेला, दार उघडलं की दोन मिनिटं थांबतं आणि मग डोक्यात येतं. एकदा खरंच आलं. आता एक जाड लाकडी फळी टेकू म्हणून ठेवलीय.

मग मी काय केलं तर जे कुणी शहाणा करणार नाही ते. पाणी पुसलं, गंज वायर ब्रशने खरवडला, गंज काळा करणारं ते लिक्विड लावलं, कुजलेला तुकडा कापून तिथे वेल्डिंगवाल्याकडून नवा पत्रा बसवून घेतला (वेल्डिंग मी करणार नाही, पेट्रोलची टाकी तिथून वीतभर लांब, ती आधी उतरवली, बॅटरी काढली, तरी माझी हिंमत नाही), वरून प्रायमर, सांध्यांना सीलंट, रंग. तीन रविवार. इतकं गुळगुळीत झालं होतं की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला स्टेपनी उचलून खड्डा दाखवत होतो.

आणि मग एका रात्री जोरदार पाऊस आला. सकाळी बघितलं तर माझ्या नव्या रंगावर छान तळं.

खरं सांगायचं तर तेव्हा गाडी विकून टाकावी असं वाटलं. तीन रविवार मी गंजाशी भांडत होतो आणि ज्याच्यामुळे गंज येतो ते बघायचंच राहिलं. मग चिडून मागच्या दिव्यांची गॅस्केटं बदलली. तरी पाणी. दाराचं रबर नवीन टाकलं. तरी पाणी. म्हणजे परत तेच, अंदाजपंचे दाहोदरसे.

आज मात्र नीट केलं. आतली सगळी पॅनेलं काढून पत्रा उघडा केला, फडक्याने कोरडा केला आणि टाल्कम पावडर शिंपडली, म्हणजे पाण्याचा थेंब जिथून जाईल तिथे पावडरीत रेघ उमटते. बायको टॉर्च घेऊन मागे आत आडवी, दार बंद, मी बाहेर पाइप घेऊन. यात एकच अक्कल लागते ती म्हणजे खालून सुरुवात करायची. वरून पाणी मारलं तर ते सगळीकडून खाली ओघळतं आणि काहीच कळत नाही. आधी बंपरजवळ पाच मिनिटं, मग दिवे, मग काचेची खालची कड, मग बाजू, असं हळूहळू वर. जोरात फवारा नाही, नुसती धार. दिव्यांजवळ आतून आवाज आला, "काही नाही." काचेजवळ, "काही नाही रे, पुढे चल, पाठ आखडली." छपराच्या कडेला जी पन्हळ असते तिच्यावर धार धरली आणि अर्ध्या मिनिटात आतून किंचाळी, "अरे आलं आलं, थांब, माझ्या कानात आलं!"

पन्हळीच्या सांध्यातलं जुनं सीलंट तडकलं होतं. बाहेरून रंग धड दिसतो, नख लावलं तर पापुद्रा उचलून आला. पाणी तिथून शिरतं, मागच्या खांबाच्या आत उतरतं आणि गुपचूप स्टेपनीखाली. म्हणजे जिथे दिसत होतं तिथून ते चांगलं चारेक फूट वरून येत होतं. मी नवीन टाकलेलं रबर आणि गॅस्केटं बिचारी निर्दोष. (जुनं रबर फेकून दिलं नसतं तर चाललं असतं, असो.)

दुपारभर प्लॅस्टिकच्या पातीने जुनं सीलंट खरवडत बसलो. एका बाजूचं पूर्ण निघालं, दुसऱ्या बाजूचं अर्धं. खाली गंज आहे पण वरवरचा, पत्रा मजबूत लागतो हाताला. सगळं पुसून प्रायमर मारला, छपरावर प्लॅस्टिक बांधून ठेवलंय, नवीन सीलंट उद्या-परवा संध्याकाळी थोडं थोडं भरेन. घाई नाही करायची. मागच्या आठवड्यात घाईतच ब्रेक ऑइलची बाटली नव्या रंगवलेल्या मडगार्डवर कलंडली, रंग फुगून पापड झाला, ते अजून तसंच आहे.

सीलंट पूर्ण वाळलं की पुढच्या रविवारी परत पाणी मारून बघणार. बायकोने अट घातलीय, या वेळी पाइप ती धरणार आणि आत मी.