लिगेतीच्या बॅगाटेल्स : दहावा आठवडा, आणि सहावीचं भूत

सहा बॅगाटेल्सपैकी (म्हणजे छोट्या, हलक्या रचना) पाचच वाजवायच्या, सहावी सोडून द्यायची, असं आमचं पहिल्याच तालमीत ठरलं होतं. परवा ते मोडलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आम्ही लीड्समधले पाच हौशी वादक. फ्लूट, ओबो, हॉर्न, ‘बसून’ (bassoon, खालच्या सुरांचं लांब लाकडी वाद्य) आणि क्लॅरिनेटवर मी. (हॉर्न खरं तर पितळी वाद्यांच्या घरचा, पण विंड क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच फुंकवाद्यांच्या संचात, तो कायमचा घरजावई.) हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी लिगेतीच्या सहा बॅगाटेल्स घेतल्यात, १९५३ सालच्या. सगळ्या मिळून जेमतेम बारा मिनिटं. मूळ माल पियानोचा: ‘मुझिका रिचेरकाता’ नावाचे अकरा तुकडे. पहिल्यात जवळजवळ शेवटपर्यंत एकच सूर, अगदी अखेरीस दुसरा येतो. मग दर तुकड्यात एकेक सूर वाढत अकराव्यात बाराही सूर. त्यातले सहा लिगेतीने पाच वाद्यांत वाटून दिले.

पहिली बॅगाटेल आता बसलीय. तिच्यात चारच सूर आहेत: सी, ई फ्लॅट, ई, जी. आपल्या भाषेत सा, कोमल ग, शुद्ध ग, प. दोन्ही गंधार म्हटल्यावर मला जोग राग आठवणारच, पण इथे मध्यम नाही, निषाद नाही आणि जोगचा निवांतपणा तर अजिबात नाही. सगळं उड्या मारत जातं. क्लॅरिनेटवर खालच्या भागात हे दोन गंधार लागोपाठ आले की पंचाईत. एकाला फक्त अंगठा लागतो, दुसऱ्याला फक्त तर्जनी. म्हणजे एक उचलायचं आणि त्याच क्षणी दुसरं टेकवायचं. केसाएवढा उशीर झाला तरी मधे तिसराच सूर शिंकतो. तीन आठवडे मी रोज दहा मिनिटं नुसता हाच बदल घोटला, ठाय लयीत. घरचे कंटाळले.

सुरावरून ओबोवालीशी एक वाद झाला. हॉर्न आणि बसूनला सा-प धरायला लावून आम्ही शुद्ध गंधार जुळवत होतो. तिचा डोळा ट्यूनरच्या काट्यावर, माझा कान लहानपणी ऐकलेल्या तंबोऱ्यावर. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा) खाली असतो. मी तेवढा खाली आणला तेव्हा सगळा हॉल गुणगुणल्यासारखा झाला. तिने ट्यूनर मिटून पिशवीत टाकला. वाजवताना हे इतक्या वेगात जातं की कुणाला कळणारही नाही, ते सोडा.

दुसरी आणि तिसरी ठीक. चौथीने मात्र माझा माज उतरवला. सात मात्रा, दोन-दोन-तीन. मी म्हटलं, सात ना? रूपक आपल्या अंगात आहे. पण रूपक तीन-दोन-दोन! मनात ‘ती ती ना’ने सुरुवात केली की माझा जोर भलतीकडे, बाकी चौघांचा भलतीकडे. शेवटी ठेका चौथ्या मात्रेपासून धरला: धी ना, धी ना, ती ती ना. दोन दिवसांत जमलं. बसूनवाला आता हेच बोल इंग्रजी उच्चारात म्हणतो, आणि तो माझ्यापेक्षा पक्का आहे, हे कबूल करायला हवं.

पाचवी हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या स्मरणार्थ आहे. संथ, घंटेच्या ठोक्यांसारखी. तिच्याबद्दल पुढच्या वेळी, अजून श्वास पुरत नाही.

तर सहावी. १९५६ मध्ये बुडापेस्टला हे पहिल्यांदा वाजलं तेव्हाही पाचच वाजल्या होत्या. सहावीत अर्धस्वरांच्या टकरी फार, आणि तेव्हाच्या हंगेरीत असलं संगीत धोक्याचं मानलं जाई. त्याच वर्षाच्या शेवटी लिगेती देश सोडून व्हिएन्नाला गेला. सहाही एकत्र वाजायला १९६९ उजाडलं, तेही स्वीडनमध्ये. आमचं कारण इतकं भारदस्त नव्हतं. आम्हाला ती झेपत नव्हती.

परवा वेळ उरला म्हणून बसूनवाल्याने तिची पानं काढली. टकरीचे सूर वेगळे काढून आम्ही लांब धरले, मी आणि ओबो, मधे अर्ध्या स्वराचं अंतर. पाचव्या सेकंदाला आम्ही दोघंही नकळत एकमेकांकडे सरकलो! दहा आठवडे सूर मिळवायचीच सवय लावली होती ना. वर आवाजही दबलेला, कुणाची तरी माफी मागतोय असा. फ्लूटवाली हसायला लागली. मग पाठीला पाठ लावून बसलो आणि पुन्हा धरलं, भरपूर हवेनिशी. अर्धस्वर जागचा हलला नाही. दोन सुरांमधली ती थरथर दातांत, रीडमध्ये (फुंकताना थरथरणारी पातळ पट्टी), पार अंगठ्यापर्यंत जाणवत होती.

लय अजून निम्मीसुद्धा नाही. गुरुवारी हॉर्नवाली नाही, त्यामुळे चौघांतच सहावीची पहिली दोन पानं. आणि मला नवी रीड घासायला घ्यायचीय, ही वरच्या सुरांना चिरकते.