आज बदललेला एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच)
काढलेल्या एमसीबीचं खालच्या टर्मिनलजवळचं प्लास्टिक तपकिरी पडलंय. स्क्रू सैल राहिला की सांधा तापतो आणि लोड कमी असतानाही एमसीबी पडतो, म्हणजे बंद होतो. एमसीबीच खराब आहे का ते बघायला मेन स्विच बंद करून एमसीबीची आउटगोइंग (पुढे लोडकडे जाणारी) वायर सोडवा. तरीही दांडा वर टिकत नसेल तर एमसीबीच गेलाय. मेन बंद केला तरी मेनच्या इनकमिंग बाजूला (जिथून वीज येते) करंट असतोच, तिथे हात नको! काळवंडलेली वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा, 10-12 मिमी सोला, स्क्रूखाली इन्सुलेशन अडकू देऊ नका, आवळल्यावर ओढून बघा. आणि कळकळीने सांगतो, 16 अँपिअरच्या जागी 32 बसवू नका. 2.5 स्क्वेअर एमएमची वायर तापत राहील, एमसीबी पडणार नाही.