नवीन कमोडची टाकी गळत होती, गळती शोधायलाच तीन दिवस गेले

बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत म्हणून जुनं भांडं काढून कमोड बसवला, टाकी वेगळी आणि भांडं वेगळं, टाकी भांड्यावर दोन बोल्टांनी बसते तो प्रकार. दोन दिवस सगळं छान चाललं, तिसऱ्या दिवशी पहाटे बाबा बाहेर येऊन म्हणाले, अगं खाली ओलं आहे, घसरलो असतो आत्ता. मला वाटलं रात्री कोणी पाय धुतले असतील, पुसून टाकलं. तासाभराने बघितलं तर कमोडच्या मागे परत तेवढंच पाणी, आणि मग मात्र पोटात गोळाच आला, ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांच्याच पायाखाली पाणी म्हणजे काय.

ज्यांनी बसवला त्या प्लंबरदादांना फोन केला तर म्हणाले, ताई नट थोडे आवळा, नवीन आहे, बसेल हळूहळू. मी पाना घेऊन आवळायला लागले. कृपया हे सगळ्यात आधी करू नका! टाकी चिनीमातीची असते, जास्त आवळलं की बोल्टच्या भोकापासून तडा जातो आणि मग वायसर बदलून काही होत नाही, टाकीच बदलावी लागते. अर्धा फेरा दिला, गळती जराही कमी झाली नाही म्हणून थांबले, ते बरं झालं.

मग संशय गेला अँगल कॉकवरून (भिंतीतला पाणी बंद-चालू करायचा छोटा नळ) टाकीला येणाऱ्या कनेक्शन पाईपवर, कारण ओल जास्त त्याच बाजूला होती. पाईप काढला, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली, परत लावला, फरक शून्य. टाकीकडच्या त्या टोकाला पाणी अडवतो तो पाईपच्या नटातला रबरी वायसर, आटे नाही, त्यामुळे तिथे कितीही टेप गुंडाळा.

संध्याकाळी शांत बसून विचार केला की पाणी खाली कुठे पडतंय ते बघून उपयोग नाही, सुरू कुठे होतंय ते कळायला हवं. टाकी बाहेरून, खालून, सगळीकडून कोरड्या फडक्याने पुसली. आतल्या पाण्यात खायचा रंग टाकला, आणि टिश्यूचे तुकडे एकदमच लावले, पाईपच्या जोडाखाली, बॉल कॉकच्या (टाकी भरली की येणारं पाणी बंद करतो तो) नटाखाली, दोन्ही बोल्टांच्या नटांखाली आणि टाकी नि भांडं जिथे भेटतात तिथे मध्ये. फ्लश करायचा नाही, नुसतं बघत बसायचं. वीसेक मिनिटांनी डाव्या बोल्टखालचा टिश्यू रंगला, नंतर मधला, पाईपचा कोरडा पांढरा. म्हणजे पाणी टाकीतलंच, येणाऱ्या पाईपचं नाही आणि थंड टाकीला बाहेरून सुटतो तो घामही नाही, कारण त्या दोघांना रंग नसता आला. भांड्यातलं पाणीही स्वच्छ होतं, म्हणजे आतला फ्लश व्हॉल्व्ह, फ्लश केल्यावर टाकीतलं पाणी भांड्यात सोडतो तो, नीट बंद होत होता.

तरी मधल्या टिश्यूमुळे खात्री वाटेना. म्हणून रात्री अँगल कॉक बंद केला, टाकीच्या आतून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण केली आणि झोपले. सकाळी पाणी पार तळाला गेलेलं. ही युक्ती मला सगळ्यात आवडली, कारण फ्लश व्हॉल्व्हचं तोंड टाकीच्या तळापासून थोडं वर असतं, गळती तिथून असती तर पाणी त्या उंचीला येऊन थांबलं असतं. त्याच्याही खाली गेलं म्हणजे तळाच्याच कुठल्यातरी भोकातून जातंय, आणि टिश्यू सांगत होता डावा बोल्ट. मधला टिश्यू नंतर भिजला तो पाणी टाकीच्या बुडाला चिकटून सरकत गेलं म्हणून, पाईपच्या बाजूची ओलही त्यामुळेच.

उरलेलं पाणी स्पंजने टिपलं, पाईप सोडवला, झाकण बाजूला सपाट ठेवलं, भावाने टाकी धरली आणि मी नट सोडवले. डाव्या बोल्टला आतून नुसता स्टीलचा वायसर थेट चिनीमातीवर, आणि रबरी वायसर खाली नटाकडे! रबर हवा आत, बोल्टच्या डोक्याखाली, टाकीच्या तळाला टेकलेला, पाणी तोच अडवतो. उजवा बोल्ट बरोबर लावलेला होता, म्हणजे माहीत नव्हतं असं नाही, घाईत झालं असणार. राग आला, खोटं कशाला बोलू. दोन्हीकडे नवीन रबर घातले, भोकाभोवतीची घाण पुसली, टाकी सरळ ठेवून एकदा डावा एकदा उजवा असं पाव पाव फेरा देत आवळलं, टाकी हलायची थांबली की बस.

टाकी भरली, सगळं कोरडं, जीव भांड्यात पडला. आणि फ्लश केला तर मधून दोन थेंब.

पण आता घाबरले नाही. पाणी साठलेलं असताना गळत नाही आणि फ्लश केल्यावरच गळतं म्हणजे टाकी नि भांड्याच्या मधला जाड स्पंजचा गॅसकेट, तिथे पाणी फक्त फ्लशच्या वेळी जातं. परत उघडलं तर तो एका बाजूला दुमडला होता, टाकी ठेवताना माझ्याच हातून. नीट सरळ बसवला, टाकी वरून अलगद खाली सोडली, पाव पाव फेरे परत. लागोपाठ दहा वेळा फ्लश केला, प्रत्येक वेळी खाली बोट फिरवून बघितलं, कोरडं.

रबर काही दिवसांनी थोडा दबतो म्हणून आठवड्याने नट हाताने चाचपले, डावा किंचित सैल लागला, तेवढा घट्ट केला. टिश्यू अजून काढलेले नाहीत, बाबा रोज सकाळी वाकता येईल तेवढं वाकून बघतात आणि बाहेर येऊन सांगतात, कोरडा आहे गं.