ती छोटी, म्हणजे कुठली?

एका रात्रीसाठी बाहेरगावी जायचं होतं. मी स्टुलावर, डोकं माळ्यात; बायको खाली हात पसरून उभी.

"कुठली काढू?"

"अरे, ती छोटी."

"सॅक?"

"सॅक नाही रे. ती हातातली."

"चाकाची?"

"हातातली म्हटलं ना!"

मग उलगडा झाला. ती छोटी मधल्या बॅगेच्या पोटात होती आणि मधली मोठीच्या. म्हणजे एका रात्रीसाठी निघायचं तर आधी पंधरा दिवसांची बॅग खाली उतरवा, तिच्यातून आठ दिवसांची काढा, आणि तिच्या तळाशी अंग चोरून पडलेली सापडते ती आमची ही. सगळ्यात जास्त वापरली जाणारी आणि सगळ्यात आत ठेवलेली. आणि नाव नसलेली.

बॅगा आम्ही लिटरमध्ये मोजत नाही, दिवसांत मोजतो. दुकानदारही तेच करतात, फक्त इंग्रजीतून: ओव्हरनाइटर, वीकेंडर. मला ही नावं आवडतात, कारण परतीची तारीख नावातच आहे. पाहुण्याच्या हातात अशी बॅग दिसली की यजमानाचा जीव भांड्यात पडतो.

मराठीत शब्दांचा तुटवडा आहे असं नाही. गाठ मारली की गाठोडं, गुंडाळलं की वळकटी, कसंबसं कोंबलं की बोचकं. खांद्यावर टाकून एक कप्पा पुढे आणि एक मागे सोडायची ती पडशी. पण दोन रात्रींच्या बॅगेला यातलं एकही बसत नाही. बटवा फार लहान. पोतडीतून हल्ली फक्त किस्से निघतात, कपडे नाहीत. "झोळी घेऊन निघालोय" असं सांगितलं तर कधी येणार हे कुणी विचारणारच नाही. अर्थाने सगळ्यात जवळचा शब्द खरं तर चंबूगबाळं. एक चंबू आणि बाकीचं किडूकमिडूक, म्हणजे दोन दिवसांची सोय झाली की! पण तो शब्द अडकला "चंबूगबाळं आवर आणि चालू लाग" यात. त्या शब्दातला माणूस परत यायचा नसतो. आमची बॅग तर परवा संध्याकाळी घरी असते.

बाहेर डोकावलं तर तिथेही बॅगांची नावं भलत्याच गोष्टींवरून पडलेली. डफल हे बेल्जियममधलं एक गाव. तिथल्या जाड लोकरी कापडाला गावाचं नाव मिळालं आणि कापडावरून बॅगेला. आता बॅग नायलॉनची, पण नाव लोकरीचं. हॅवरसॅक मूळची जर्मन घोडेस्वारांची, घोड्याचे ओट्स ठेवायची पिशवी. ग्लॅडस्टन बॅगेचं नाव चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झालेल्या गृहस्थावरून. पोर्टमँटो म्हणजे फ्रेंचमध्ये झगा वाहणारा. पुढे तेच नाव झगा वाहून नेणाऱ्या पेटीला मिळालं. ती मधोमध उघडून दोन कप्पे व्हायची. म्हणून 'ॲलिस इन वंडरलँड' लिहिणाऱ्या लुईस कॅरलने १८७१ मध्ये, एका शब्दात दोन अर्थ कोंबले की त्याला पोर्टमँटो म्हणायचं ठरवलं. ब्रेकफास्ट आणि लंच कोंबून झालेला 'ब्रंच' हा तसलाच.

यात माझी लाडकी आहे 'बुजेत'. जुन्या फ्रेंचमधली एवढुशी कातडी थैली. इंग्रजीत गेली, आतल्या पैशांचा हिशेब म्हणजेच ती असं होऊन बसलं, आणि तिचं बजेट झालं. चांगलं नाव असलेली छोटी थैली होती, ती अशी आकडेमोडीत गेली. आपल्या दप्तराचं उलटं. त्याचं मूळ मागे मागे शोधत गेलं तर ग्रीकमधल्या कातड्याच्या शब्दाशी पोचतं. कातड्यावर लिहायचे, म्हणून ती वही. वह्या जिथे ठेवतात ते कार्यालय. आणि शेवटी वह्या ज्यात कोंबतात ती शाळेची पिशवी. म्हणजे एक शब्द पिशवीतून निघून हिशेबात गेला, दुसरा हिशेबातून निघून पिशवीत आला.

एक नाव आमच्या घरात खरंच रुळलं होतं: एअरबॅग. पूर्वी विमान कंपन्या प्रवाशांना आपलं नाव छापलेल्या, खांद्याला अडकवायच्या बॅगा द्यायच्या. पुढे विमानाचं तोंडही न पाहिलेल्या तशा सगळ्याच बॅगांना लोक एअरबॅग म्हणू लागले. काका अजून म्हणतात. परवा गाडीत बसता बसता त्यांनी माझ्या मुलीला विचारलं, "एअरबॅग कुठे ठेवलीस?" ती म्हणाली, "आजोबा, ती स्टिअरिंगमध्ये असते." दोघंही बराच वेळ एकमेकांकडे काळजीने बघत होते.

चाकांबद्दल माझं मत वाईट आहे, ते सांगून टाकतो. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसाने सूटकेसला चार चाकं लावून ती पट्ट्याने ओढायची युक्ती काढली, तिचं पेटंट १९७२ चं. रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने १९८७ मध्ये दोन चाकांवर उभी चालणारी, दांड्याची बॅग केली. मोठ्या सामानाला दोघांचेही उपकार आहेत. पण बऱ्याच विमान कंपन्या हातातल्या बॅगेला सात किलो देतात, आणि चाकं, दांडा, सांगाडा यांतच त्यातले दोन-अडीच सहज जातात. दोन शर्टांना रथ कशाला?

आमच्या बॅगेला चाकं नाहीत. तळाला पुठ्ठा आहे, तो मधोमध मोडलाय, त्यामुळे भरली की तिचं पोट सुटतं. चेनीची टिकली तुटली, तिथे मी किल्ल्यांची जुनी रिंग अडकवली आहे. चेन डावीकडून एक वीतभर सुरळीत येते आणि मग अस्तर गिळते. तेव्हा जोर लावायचा नसतो. अर्धा इंच मागे जायचं, आत दोन बोटं घालून अस्तर खाली ओढून धरायचं आणि मग गाफील असल्यासारखं पुढे सरकायचं. हे फक्त मला जमतं, निदान परवापर्यंत असं मी समजत होतो.

या बॅगेचा खरा शत्रू म्हणजे 'असू दे'. स्वेटर असू दे. एक जास्तीचा शर्ट असू दे. पुस्तकं दोन असू देत. पंधरा दिवसांच्या बॅगेत असले चार-पाच 'असू दे' कुठे विरघळतात कळतही नाही, हिच्यात मात्र एकेकाची सुनावणी होते. बायको पलंगावर बसून निकाल देते आणि पुस्तक नेहमी हरतं. तरी परतताना बॅग जातानापेक्षा फुगलेली असतेच. विकत काहीच घेतलेलं नसतं. जाताना घडी असते, येताना बोळा, एवढंच.

या वेळी परत आल्यावर मी स्टूल आणायला निघालो, तर बायको म्हणाली, "राहू दे. शनिवारी पुन्हा लागेल." म्हणून ती दारामागच्या खुंटीवर राहिली. शनिवार गेला, पुढचाही गेला.

परवा मुलीने आतून ओरडून विचारलं, "बाबा, दारामागची मी नेऊ का? दोनच रात्री!"

"ने," मी म्हणालो. "फक्त ती चेन..."

"माहितीये. अर्धा इंच मागे."