सड्यावरचं अलिझे

डिसेंबर लागला की मला शाळेचं गॅदरिंग आठवतं. नाच-नाटकं सगळी नंतर, आधी आठवतो तो सकाळी सात वाजताचा सडा. सडा म्हणजे शाळेमागचं कातळाचं पठार, गवत पिवळं पडलेलं, खाली लांबवर समुद्र. आमच्या माजी विद्यार्थी मंडळाचं रिमोटवरचं विमान दरवर्षी तिथूनच उडायचं आणि त्यासाठी अख्खी शाळा वर चढून यायची, बालवाडीसकट.

विमान ठरवलं वाडीतल्या काकांनी. ते नेव्हीत होते, जुन्या विक्रांत या विमानवाहू बोटीवर, अलिझे विमानांच्या मेन्टेनन्सला. आम्हाला जेट हवं होतं, सी हॉक, पण काका म्हणाले पंखा असलेलं करा, ते हळू उडतं, पोरांना नीट दिसेल. आणि अलिझेवर त्यांचा जीवच होता हो. फ्रेंच विमान, नाक लांब, पुढे पंखा फिरवणारं डार्ट टर्बोप्रॉप इंजिन, त्याची ती बारीक शीळ ते तोंडाने काढून दाखवायचे. १९६१ ला विक्रांतबरोबर नौदलात आलं, काम पाणबुड्या शोधायचं, पण १९७१ च्या डिसेंबरात लढलंसुद्धा. अलिझे म्हणजे फ्रेंचमध्ये व्यापारी वारे, हे कळलं तेव्हा आम्ही म्हटलं म्हणजे हे आपलं मतलईचंच, सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याचं विमान!

१:१२ चं मॉडेल, म्हणजे खऱ्याचे १५.६ मीटर पंख आमच्याकडे १.३० मीटर. बॉडी डेप्रॉनची, म्हणजे हलक्या फोमच्या शीटची, पंखात बाल्सा या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, ब्रशलेस मोटर, २२०० एमएएचची लिपो बॅटरी. पंख सरळ ठेवले असते तर काम महिनाभर आधी संपलं असतं, पण काका ऐकेनात. "पंख दुमडूक व्हये, नायतर तां अलिझे कसला!" मग कपाटाच्या दाराची छोटी बिजागरी, त्यात आडवी तार, तार ओढली की पंख वर. बोटीवर जागा कमी म्हणून खऱ्या विमानाचे पंख दुमडायचे, आमचंही तसं दुमडलं की प्रयोगशाळेच्या कपाटात बरोब्बर मावायचं.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी बायका सड्यावर धावपट्टी सारवायच्या, अगदी खळं सारवतात तशी शेणाने, कारण कातळावर चाकं टिकत नाहीत. वर फक्कीने विक्रांतचा डेक आखायचा. ती बोट साधारण २१३ मीटर, १२ ने भागलं की पावणेअठरा. विमान थांबवायला आडवी सुतळी, दोन टोकांना वाळूच्या पिशव्या, विमानाच्या शेपटीखाली हूक. हूक सुतळीत अडकून विमान गपकन थांबलं की जो आरडाओरडा व्हायचा, अजून कानात आहे.

उडवायचं मात्र मतलई असेपर्यंतच. दहा-अकराला समुद्रावरून खारा वारा सुटला की बंद, त्या वाऱ्यात एवढं हलकं विमान उतरवणं कठीण.

दुसऱ्या वर्षी पडलं. बॅटरीचा वेल्क्रो माझ्याकडून सैल राहिला, टेकऑफला बॅटरी मागे सरकली, नाक वर गेलं आणि विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, सरळ काजूच्या बागेत. मला रडूच आलं होतं. पाचवीची पोरं काट्यांतून धावत गेली आणि एकेक तुकडा हातात धरून वर आणला, एकाने तर शेपटीचं बोटाएवढं डेप्रॉन फडक्यात गुंडाळून आणलं. काका काही बोलले नाहीत, तुकडे ओळीने मांडले आणि गोंद मागितला.

पुढच्या वर्षी त्या पोरांसाठी खास एक गोष्ट केली. खऱ्या अलिझेच्या पंखांखाली, चाकं आत जातात ना त्या डब्यांत, पाणबुडीचा आवाज ऐकणारे सोनोबॉय ठेवायचे आणि ते समुद्रात सोडायचे. आम्ही तिथे एक सर्व्हो, म्हणजे रिमोटने फिरणारी छोटी मोटर, लावला आणि लिमलेटच्या गोळ्या भरल्या. विमान पोरांवरून वळलं, डब्यांची दारं उघडली, आणि सड्यावर केशरी-पिवळ्या गोळ्या टपटप पडायला लागल्या. काका कठड्याला टेकून ती शीळ घालत होते, विमान उतरेपर्यंत.