आमची वाटचाल: भट्टीपासून ग्राफीनपर्यंत

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतील आमच्या कारखान्यात वडिलांच्या काळी फक्त विजेच्या भट्ट्या बनत असत. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेले तंत्रशिक्षणाचे कलाभवन पुढे ज्या विद्यापीठात सामावले गेले, तेथे वडील शिकले होते, आणि तापमान पाच अंशांनी जरी डळमळले तरी ते भट्टी गिऱ्हाइकाकडे पाठवत नसत. या हट्टापायी नफा बेताचाच राहिला. ग्राफीनकडे, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या थराकडे, वळताना मात्र तोच हट्ट कामी आला.

तांब्याच्या पातळ फॉइलवर सुमारे १,००० अंश सेल्सिअसला मिथेनपासून ग्राफीनचा मोठा थर वाढवता येतो, हे टेक्सासमधील संशोधकांनी २००९ साली दाखवले. ते वाचून, हे तर भट्टीचेच काम, असे आम्हाला वाटले आणि हाताशी होती म्हणून आम्ही निकेलची पट्टी घेतली. तापलेले निकेल कार्बन स्वतःत विरघळवून घेते आणि थंड होताना बाहेर टाकते. पण हे बाहेर टाकणे सर्वत्र सारखे नसल्याने एके ठिकाणी एक थर, तर शेजारीच अनेक थर, असा प्रकार झाला. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळतच नाही. मिथेनचे विघटन उघड्या तांब्यावर होते, आणि एका थराने पृष्ठभाग झाकला गेला की वाढ बहुतांशी आपोआप थांबते. तांबे १,०८५ अंशांना वितळते, त्यामुळे भट्टी थोडी जरी भरकटली तरी फॉइल हातची जाते.

तांब्यावरही आमचा थर ठिपक्याठिपक्यांचा आणि छिद्रांचा येत राहिला. कित्येक महिने आम्ही मिथेन आणि हायड्रोजनचे प्रमाण बदलत बसलो, आणि आज मला त्याचे वाईट वाटते, कारण दोष वायूंच्या प्रमाणात नव्हताच. भट्टीतल्या क्वार्ट्झच्या नळीच्या टोकाला असलेल्या सीलमधून किंचित हवा आत येत होती आणि तिच्यातला ऑक्सिजन वाढलेले ग्राफीन खात होता. दुसरा दोष फॉइलचा होता. पावसाळ्यात उघड्या खोक्यात ठेवलेल्या फॉइलवर ऑक्साइड चढत होते, आणि फॉइल बनवणाऱ्या कारखान्यातून येतानाच तिच्यावर लाटण्याच्या रेषा होत्या, ज्यांच्या कडेने ग्राफीनचे अंकुर दाटीने फुटत. तुकडा पाहून आई एवढेच म्हणाली, "अरे, देवघरातलं तांब्याचं भांडंसुद्धा मी चिंचेनं घासल्याशिवाय मांडत नाही." आता आम्ही फॉइल ॲसिटिक आम्लाने धुतो, फॉस्फोरिक आम्लात विजेने गुळगुळीत करतो आणि मिथेन सोडण्यापूर्वी हायड्रोजनमध्ये बराच वेळ तापवतो, जेणेकरून उरलेले ऑक्साइड निघून जाते आणि तांब्याचे कण मोठे होतात.

तपासणीसाठी दरवेळी रामन यंत्रणा (लेसरचा प्रकाश टाकून थर ओळखणारे यंत्र) परवडत नाही. म्हणून प्रत्येक घाण्यातला एक तुकडा आम्ही तव्यासारख्या तापपट्टीवर उघड्या हवेत सुमारे २०० अंशांवर काही मिनिटे ठेवतो: जेथे ग्राफीन आहे तेथे तांबे चकाकत राहते, आणि जेथे नाही तेथे ते काळपट लाल पडते. शंकास्पद तुकडे तेवढे रामनसाठी बाहेर पाठवतो.

सुरकुत्यांवर मात्र आम्हाला अद्याप उपाय सापडलेला नाही. थंड होताना तांबे आकसते, ग्राफीन आकसत नाही, आणि जास्तीचा थर घडी घालून उभा राहतो. गिऱ्हाइकाला आम्ही हे आधीच सांगतो, आणि प्रत्येक पाकिटात त्याच फॉइलचे सूक्ष्मदर्शकातून काढलेले छायाचित्र, सुरकुत्यांसकट, ठेवतो.