घाम येत असतानाही उष्माघात

एप्रिलअखेर एका दुपारी, निफाड तालुक्यात उन्हाळ कांद्याच्या काढणीसाठी सुरगाण्याहून आलेली पस्तिशीची एक मजूर स्त्री आमच्या ग्रामीण रुग्णालयात बेशुद्धावस्थेत आणली गेली. सोबतच्या चिठ्ठीत निदान ‘ताप’ आणि उपचार पॅरासिटामॉलचे इंजेक्शन असे होते. तापात मेंदूच शरीराचे तापमान वर नेतो, म्हणून ते औषध लागू पडते. उष्माघातात शरीराला साठलेली उष्णता बाहेर टाकता येत नाही, तेथे त्याचा उपयोग नाही. त्या इंजेक्शनची वाट पाहण्यात गेलेला वेळ मला अक्षम्य वाटतो.

काखेतील तापमापीवर ३९ दिसत होते. गुदमार्गे मोजले तेव्हा ४१.६ अंश सेल्सिअस निघाले. मुकादम म्हणत होता, “मॅडम, तिला घाम येत होता, मग ऊन कसं लागेल?” कष्टाचे काम करताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालू राहू शकतो, हे कित्येक डॉक्टरांनाही ठाऊक नसते. आम्ही मान, काखा व जांघांत बर्फ ठेवला, अंगभर पाणी शिंपडत पंखे लावले. मात्र आदल्या दिवशीच्या अवकाळी पावसाने हवा दमट होती, पाणी लवकर उडत नव्हते आणि पारा हट्टाने वर राहत होता. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्याच्या भरवशावर शिकलेली ही पद्धत आता अपुरी पडते आहे. शेवटी तिला ताडपत्रीत निजवून बर्फाच्या पाण्यात ठेवले. १०८ ची रुग्णवाहिका दारात उभी होती, तरी तापमान ३९ च्या खाली येईपर्यंत मी तिला हलवू दिले नाही, कारण आधी थंड करणे आणि मगच पाठवणे हाच नियम आहे. लघवी काळ्या चहासारखी होती. स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर ताण आला होता. नाशिकला डायलिसिस झाले आणि ती वाचली.

१ मार्च ते ३१ जुलै या काळात उष्माघाताच्या रुग्णांची शासकीय नोंद होते, परंतु चिठ्ठीवर ‘ताप’ असा शेरा पडलेला रुग्ण त्या नोंदीत येतच नाही. तिच्या टोळीला दुपारी थांबण्याचा सल्ला मी दिला खरा, पण काढणी एकरी उक्त्याने घेतलेली असते आणि थांबलेला प्रत्येक तास त्यांच्याच मजुरीतून जातो. उक्त्याचा दर ठरतानाच दुपारची विश्रांती, सावली आणि पाणी त्यात धरले जावे, ही मागणी मी पुढच्या हंगामाआधी तालुक्याच्या बैठकीत मांडणार आहे.